खाली कोणी नको

मी एका कॉलेजच्या ऑफिसात हेडक्लार्क आहे. वय पन्नाशीच्या पुढे, स्वभाव भिडस्त, आवाज इतका हळू की प्राचार्य दर वाक्याला "काय?" म्हणतात. असा मी, गेल्या उन्हाळ्यात, अनोळखी लोकांच्या घरांत शिरून पाय आपटत चाललो आहे. एका नव्हे, चांगल्या सात-आठ घरांत. ही गोष्ट मी आजवर कोणाला सांगितलेली नाही.

मी चालायचो तेव्हा राठोडभाऊ त्या घराच्या जमिनीवर उताणे पडलेले असायचे. डोळे मिटलेले, हात छातीवर. घरमालक दारात, त्याची बायको स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर, शेजारची पोरं खिडकीच्या गजांना लटकलेली.

"चाला, काळेबाबू," पडल्या पडल्या हुकूम सुटायचा. "नुसते पाय ठेवू नका, टाका. बायको रागावल्यावर चालते तसे."

माझं लग्न झालेलं नाही. मी अंदाजाने चालायचो.

राठोडभाऊ म्हणजे शंकर राठोड. यवतमाळात माझ्या घराच्या वरच्या मजल्यावर ते आणि कमलावहिनी वीसेक वर्षं भाड्याने राहिले. एस.टी.त कंडक्टर होते आणि मागेच रिटायर झाले, असं डेपोचं म्हणणं आहे. स्वतः राठोडभाऊंना ते पटल्याचं मला दिसलेलं नाही. लग्नाच्या मांडवात जेवणाची रांग तुंबली की त्यांच्याने राहवत नाही. "पुढं सरका, पुढं जागा हाय, दरवाज्यात गर्दी करू नका," म्हणत ते सगळं वऱ्हाड वरणभातापर्यंत पोचवून देतात. एकदा त्यांनी नवरदेवालाही सरकवला होता. एस.टी.त ते अजून बसत नाहीत. सीट रिकामी असली तरी दांड्याला खांदा टेकवून उभे. कोणी वारल्याचं कळलं की डोळे मिटून म्हणतात, "उतरले बिचारे." माणूस पिकलं पान असेल तर समाधानाने, "शेवटच्या थांब्यापर्यंत गेले, मधात नाई उतरले."

कंडक्टरची एक घंटा म्हणजे थांबा आणि दोन म्हणजे चला. राठोडभाऊंचं सगळं आयुष्य याच भाषेत चालतं. भाजी पसंत पडली की भाजीवाल्याच्या गाड्यावर दोनदा टक-टक. नको असेल तर एकदा. माझ्या मोटरसायकलवर मागे बसले की हेच माझ्या पाठीवर. आणि गाडी चालू असताना ते एक शब्द बोलत नाहीत, कारण चालकाशी बोलू नये ही पाटी उभ्या नोकरीत त्यांच्या डोळ्यासमोर होती. एकदा आर्णी मागे टाकून आम्ही बरेच पुढे गेलो आणि एका फाट्यावर पाठीत एक थाप बसली. मी थांबलो.

"पिशवी मागच्या टपरीवर राह्यली," ते शांतपणे म्हणाले.

"कधी लक्षात आलं?"

"निघालो तवाच."

"मग बोलायचं नाही?"

"चालू गाडीत कसा बोलू?"

"अहो, थाप मारायची."

"मधात थांबा कोठी होता, काळेबाबू?"

असे हे राठोडभाऊ रिटायर झाल्यावर फंडाचे पैसे बँकेत टाकून घर शोधायला निघाले. घर कुठे हे ठरलेलं होतं: मोहदऱ्याला. मोहदरा म्हणजे महागावच्या बाजूला, मोठा रस्ता सोडून डोंगरात शिरलं की लागणारं छोटंसं बाजाराचं गाव. तीन बाजूंना सागाचे डोंगर आणि चौथ्या बाजूला जुना तलाव. नोकरीतली कितीतरी वर्षं मोहदऱ्याची मुक्कामी गाडी राठोडभाऊंकडे होती. ती संध्याकाळी तिथे जायची, तलावाच्या पाळीवर उभी राहायची आणि सकाळी दूधवाले आणि कॉलेजची पोरं भरून परत यायची.

"आमचा पणजा बैलाईवर मीठ लादून फिरे," ते सांगायचे. "मोहदऱ्याच्या तलावावर तांडा उतरे मनत. तो उतरला, मी उतरलो. आता कमलीले उतरवाचं हाय."

पण कमलावहिनींना ते एकदाही घर पाहायला आणत नसत. "तिले पसंत पडलं अन् भेटलं नाई, त मंग? आधी तिकीट हातात, मंग पॅसेंजर गाडीत."

म्हणून पॅसेंजरच्या जागी मी. सुटीच्या दिवशी सकाळी पाठीवर दोन थापा पडायच्या आणि आम्ही निघायचो.

अटी दोनच. घर तलावाजवळ हवं, आणि एकमजली हवं. दुसरी अट ऐकून दलाल खूश व्हायचा, कारण मोहदऱ्यात सगळीच घरं एकमजली. पण राठोडभाऊ घराच्या आत जायच्या आधी मागे सरकून छताकडे पाहायचे. आपल्याकडे हल्ली जो तो स्लॅब टाकला की वर कॉलमच्या सळया सोडून ठेवतो. पुढेमागे पैसा आला, पोराचं लग्न झालं, की वर मजला चढवायचा. घरमालक त्या सळया मोठ्या अभिमानाने दाखवायचा.

"दोन मजले आरामात चढते जी. पाया तसाच भरला."

राठोडभाऊंचा चेहरा पडायचा. फाटकावर एकदा टक. "हे घर अजून वाढून राह्यलं. मले वाढ थांबलेलं पाह्यजे."

एका दलालाने तर त्यांना पार मारेगावकडे नेलं. घर उत्तम, सळया नाहीत. तलाव कुठे म्हणून विचारलं, तर त्याने समोरच्या कपाशीच्या रानाकडे बोट केलं: "पावसाळ्यात येथी साचते जी, पोट्टे पोहतात." राठोडभाऊंनी बांधावर उभं राहून तो नसलेला तलाव बराच वेळ पाहिला, मग त्या दलालाच्या पाठीवरच एक थाप मारली. त्याला अर्थ कळला नाही. तो पुढच्या आठवड्यात पुन्हा फोन करत होता.

सळयांच्या परीक्षेत जे घर टिकेल त्यात मग ते आडवे व्हायचे आणि मी चालायचो. का, ते मी विचारलं नव्हतं. माझा आपला अंदाज होता की त्यांच्या पाठीत काहीतरी असावं आणि जमीन थंड आहे की नाही ते पाहत असावेत. चालायला कशाला लावतात याचा अंदाज मी केला नव्हता. एकमजली घर वहिनींच्या गुडघ्यांसाठी असेल असंही आधी वाटलं, पण वहिनींचे गुडघे खणखणीत होते. पापड वाळत घालायला गच्चीवर त्या माझ्या आधी पोचायच्या.

मे महिन्याच्या शेवटी कांताबाईंचं घर सापडलं. तलावाच्या पाळीपासून हाकेच्या अंतरावर, दगडी जोत्याचं, वर कवेलू. कवेलूंचं छप्पर म्हणजे वर कोणी काही चढवण्याचा प्रश्नच नाही. मागच्या दारात जांभळीचं झाड आणि झाडाच्या फांद्यांमधून पाणी. कांताबाई सत्तरीच्या, विधवा. मुलगा रमेश आपल्या बायकोला आणि आईला घेऊन उमरखेडला जाणार होता, म्हणून विकायचं. राठोडभाऊंनी आत जायच्या आधीच चौकटीवर दोन टकटक दिल्या. असं आधी कधी घडलं नव्हतं. मला वाटलं, सुटलो, आज चालावं लागणार नाही.

पण ते आत गेले, चपला काढल्या आणि पुढच्या खोलीच्या मधोमध आडवे झाले. हात छातीवर, डोळे बंद.

"चाला, काळेबाबू."

खोली लहान होती. सरळ चालायला जागा नव्हती, म्हणून मी त्यांच्याभोवती गोल चालू लागलो, धप धप. तिसरा फेरा चालू असताना रमेशची बायको पाण्याचे पेले घेऊन आली, तिने आम्हाला पाहिलं आणि तबक तिच्या हातून सुटलं.

कांताबाईंच्या नवऱ्याला जाऊन दोन महिने झाले नव्हते. त्याला नेण्याआधी त्याच खोलीत, त्याच जागी ठेवलं होतं, पाय दक्षिणेला करून. राठोडभाऊंनी आडवं होताना दिशा पाहिली नव्हती. त्यांचेही पाय दक्षिणेलाच होते. आणि मी त्यांच्याभोवती फेरे घालत होतो.

रमेश अंगणातून धावत आला. बायको रडायला लागलेली. "उठा," तो म्हणाला. "उठा तेथून आधी. थट्टा लावली काय माह्या बापाची? नाई इकाचं घर आमाले. चाला, निंगा."

मी एक पाय उचललेल्या अवस्थेत उभा होतो. राठोडभाऊ उठून बसले, पण उभे राहिले नाहीत. त्यांचा चेहरा मी असा कधी पाहिला नव्हता. शेवटची गाडी डोळ्यासमोर सुटलेल्या माणसासारखा झाला होता. हेच घर. याच्यानंतर मोहदऱ्यात बिनसळयांचं, तलावाजवळचं घर उरलं नव्हतं, हे आम्हा दोघांनाही माहीत होतं.

कोपऱ्यातल्या बाजेवरून कांताबाई म्हणाल्या, "थांब रे रमेश. तो काई मेला नाई. इचारू दे मले." आणि मग राठोडभाऊंना, "काहून निजला बापू तू तेथी?"

"चुकलो, माय. मले माईत नोतं," राठोडभाऊ म्हणाले. मग त्यांनी सांगितलं. माझ्याकडे न पाहता सांगितलं, बहुतेक मला वाईट वाटू नये म्हणून.

"आमी या काळेबाबूच्या वरच्या मजल्यावर राह्यतो. खाली या बाबूची माय होती, माई मनो तिले. लय भली बाई. बिमार राहे. वर पाय वाजले का तिच्या डोक्यात ठणके. त माह्या बायकोनं पायातल्या तोरड्या काढून पेटीत ठेवल्या. मंग टाच टेकवनं सोडलं, पायाच्या कडेवर चाले. पोरगी लहान होती, तिले दोरीवरच्या उड्या खेळाले मी डेपोच्या मैदानात नेवो. माई वारल्या, पोरगी लगन होऊन गेली, पण हिचे पाय तसेच राह्यले. भाजीबाजारात चालते तरी आवाज नाई. मांगून येऊन उभी राह्यते अन् मी दचकतो."

मी पाय खाली ठेवला, हळूच.

"म्हून निजून पाह्यतो, माय. आवाज कसा येते ते. खाली कोणी नको, बस. तिनं खुशाल धपधप चालावं. मी पडल्या पडल्या आयकीन, आता ही चुलीपाशी गेली, आता ही दारात गेली."

"अन् वर मजला कायले नको मनतं? दलाल सांगे."

"वर जो राहीन तो मंग असाच चालन ना. माह्या भेवानं."

कांताबाईंनी त्या जागेकडे पाहिलं. "माहा म्हतारा लय आपटत चाले," त्या म्हणाल्या. "मी रोज बोलो त्याले. घर हालवतं काय, मनो." मग माझ्याकडे पाहून, "तू कायले थांबला रे? चाल. आयकू दे त्याले पुरं."

मी चाललो. रमेशने तोंड फिरवलं. त्याच्या बायकोने पेले गोळा केले आणि चहा ठेवायला आत गेली.

तिथे, त्या चहावर, मी बोलायला हवं होतं. मी विचारलं, "रजिस्ट्री महागावलाच होते का?"

माझ्या आईचं डोकं कधी दुखलं नाही. डोकं माझं दुखायचं. वरच्या पावलांनी, तोरड्यांनी, त्या पोरीच्या उड्यांनी मला झोप यायची नाही, वाचता यायचं नाही. पण स्वतःच्या नावाने तक्रार करणं मला कधी जमलेलं नाही. हॉटेलात भाजी खारट लागली तरी मी शेजारच्या टेबलाकडे पाहतो, तो काही बोलतो का म्हणून. एक दिवस जिन्यात राठोडभाऊ भेटले आणि तोंडातून निघून गेलं, "आईला जरा त्रास होतो हो, वरच्या आवाजाचा." किती सोपं वाटलं मला ते. आजारी म्हातारीच्या नावावर काहीही मागता येतं.

त्या संध्याकाळपासून वरचं घर गप्प झालं.

आई पुढच्या खोलीत पलंगावर असायची. तिचं उठणं बसणं बंद झालेलं होतं आणि वरच्या पावलांवर तिचा दिवस चालायचा. "आता कमला भाकरी टाकाले बसली," "आता पोरगी शायेतून आली," असं ती छताकडे पाहून सांगायची. ते थांबल्यावर दोन-तीन दिवसांनी तिने विचारलं, "कमला गावाले गेली काय रे? पाय नाई वाजत तिचे."

मी म्हणालो, हो, गेल्या आहेत.

पुढे तिला कळलंच असणार की गेलेल्या नाहीत. कधी वरून हाक ऐकू यायची, कधी नळावरचा आवाज. वहिनी पूर्वी रोज दुपारी खाली येऊन तिच्या पायाशी बसायच्या. आता माई आपल्यावर रागावल्या असं समजून त्या सणावारी तेवढ्या यायच्या, दारातून पाया पडून जायच्या. आई समजली, कमला बदलली. "मोठी झाली आता ते," एवढंच म्हणाली एकदा. मी दोघींच्या मधे, जिन्याखाली, वर्तमानपत्र वाचत बसलेला असायचो. घर खरंच शांत होतं. मला छान झोप लागायची.

दसऱ्याला राठोडभाऊंनी सामान हलवलं. ट्रक भरताना ते मागच्या फळीजवळ उभे राहून हमालांना "आत सरकवा, आत जागा हाय" म्हणत होते. वहिनी केबिनमध्ये ड्रायव्हरशेजारी बसल्या. राठोडभाऊंनी पत्र्यावर दोन टकटक दिल्या आणि स्वतः मागे सामानात उभे राहिले, कपाटाला खांदा टेकवून. वरचा मजला रिकामा झाला. खाली मला काहीच फरक कळला नाही.

या अक्षय्यतृतीयेला त्यांनी मला जेवायला बोलावलं. गेलो तेव्हा राठोडभाऊ पुढच्या खोलीत जमिनीवर पडले होते. पाय उत्तरेला, रमेशने जाताना चुन्याने भिंतीवर दिशा काढून दिल्याचं त्यांनी सांगितलं. वहिनी आत-बाहेर करत होत्या. पायात तोरड्या होत्या.

"येते का आवाज?" मी विचारलं.

"थोडा थोडा," ते हळूच म्हणाले, जणू आवाजाने ऐकलं तर तो बुजेल. "काल माठ उचलताना टाच टेकली एकदा. तोरडीबी वाजली."

"अन् तुम्ही काय केलं?"

"काय करतो? निजून राह्यलो. उठलो असतो त ती थांबली असती."

मागच्या दारात, जांभळीखाली वहिनींनी घागरी भरल्या होत्या. आपल्याकडे या दिवशी घरातल्या गेलेल्या माणसांच्या नावाने पाण्याची घागर भरतात. दोन घागरी त्यांच्या सासू-सासऱ्यांच्या होत्या. थोडी बाजूला तिसरी होती, लहान, तिच्यावर आंबा ठेवलेला.

"हे माईची," त्या म्हणाल्या. "आमच्याकडे नाई भरत तांड्यात. त्यायनंच शिकवली मले, नवी नवी आलती तवा."

मी नमस्कार केला. वहिनी पदर सारखा करत तिथेच उभ्या राहिल्या.

"भाऊ, एक इचारू?"

"विचारा ना."

"माईनं माफ केलं असन ना मले? मी लय आदळआपट करो पयले. तांड्यातून आलती, मातीत चालनारी. खाली आवाज जाते हे मले समजेच नाई. मंग लाज वाटे खाली याची. त्यायले तरास देला म्या, अन् शेवटी शेवटी बसलीबी नाई त्यायच्यापाशी."

मी तोंड उघडलं. "वहिनी, आई तसं—"

"पुढं सरका, काळेबाबू," आतून राठोडभाऊ ओरडले. "पानं वाढली, दरवाज्यात गर्दी करू नका."

वहिनी हसल्या आणि आत गेल्या. मी जाऊन पाटावर बसलो. पुरणपोळी होती, आंब्याचा रस होता. मी दोनदा रस मागून घेतला. दोघांनी आग्रह केला, आईच्या आठवणी काढल्या. मी मान हलवत राहिलो. संध्याकाळी फाट्यापर्यंत राठोडभाऊ माझ्या मागे बसून आले, तिथे एक थाप मारून उतरले आणि पायी परत गेले.

हे जे लिहिलं ते त्या दोघांपैकी कोणी वाचण्याचा संभव नाही. म्हणून तर लिहू शकलो. यातलं काही फिटलं असं मी समजत नाही. राठोडभाऊंनी घर घेतलं, त्यात पैसे, मोहदऱ्याच्या खेपा, कांताबाईंची मेहरबानी, सगळं लागलं. आणि तरी वहिनींचे पाय अजून घाबरतच पडतात. कारण ज्या बाईची त्यांना भीती आहे ती कधी नव्हतीच. आई त्यांच्या पावलांची वाट पाहत असायची आणि तक्रार माझी होती, एवढं कमलावहिनींना मी स्वतःच्या तोंडाने सांगायचं आहे. ते मी अजून सांगितलेलं नाही. तेवढं मी त्यांचं देणं लागतो.